आलिंगन : नित्य

एमआरआयच्या बोगद्यात पालथं पडून राहायचं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. छातीखाली दोन खळगे असलेली गादी, कपाळ टेकायला वाटोळी उशी, हात डोक्याच्या वर, मुठीत जीव घाबरला तर दाबायचा रबरी फुगा आणि पाठीपासून वीतभर अंतरावर पांढरं छत. हलायचं नाही, खोकायचं नाही, नाक खाजलं तर खाजू द्यायचं. यंत्र मध्येच ठोठावतं, मध्येच पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं. केतकी सावर्डेकर दर वर्षी या बोगद्यात शिरायची आणि दर वर्षी तिला वाटायचं, की बाहेरची माणसं चहाला निघून गेली आहेत आणि आपल्याला विसरली आहेत.

तिच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड होतं. यंत्राच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र काढलं की गळा भुंडा दिसतो, म्हणून मिरजेच्या इस्पितळात येणाऱ्या बायका तेवढ्या वेळापुरतं हळकुंड बांधून आत जातात. लोहचुंबकाला त्याचं काही वावडं नसतं. केतकीचं हळकुंड तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, निवडून दिलेलं होतं. अण्णांनी सांगलीच्या हळदपेठेत उभा जन्म काढला. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून ते त्याची प्रत सांगायचे. त्यांच्या कपाळावर उजव्या भुवईच्या वर सुपारीएवढं आवाळू होतं, आणि पेठेत त्यांना सगळे आवाळूवाले सावर्डेकर म्हणूनच ओळखायचे. आता अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती.

केतकीचा डावा स्तन कर्करोगानं नेला, आणि शल्यवैद्यांनी त्या जागी नवा बसवून दिला त्यालाही काही वर्षं होऊन गेली. दिसायला तो उजव्याच्या जोडीला शोभेसा होता. फक्त त्याला संवेदना नव्हती. तिथल्या नसा शस्त्रक्रियेत कापल्या गेल्या होत्या. तिथं हात ठेवला तर हाताला कळायचं, छातीला नाही. सुरुवातीला तिला त्याचं रडू यायचं, पुढं सवय झाली.

या नव्या स्तनात भरलेलं असतं त्याला स्मरणजेल म्हणतात. पूर्वीच्या सिलिकॉनच्या पिशव्या कधीकधी आतल्या आत फाटायच्या आणि बाईला पत्ताही लागायचा नाही. त्यावर उपाय म्हणून हे जेल आलं. त्याचं शास्त्र समजायला अवघड नाही. शरीरात जिथं पाणी आहे तिथं हायड्रोजनचे अणू आहेत आणि प्रत्येक अणूचं केंद्रक एखाद्या भोवऱ्यासारखं वागतं. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हे भोवरे एका दिशेला कलतात. रेडिओलहरींची टिचकी मारली की ते डगमगतात आणि पुन्हा सावरताना एक क्षीण संदेश सोडतात. कुठले भोवरे किती लवकर सावरले, यावरून यंत्र आतलं चित्र काढतं. स्मरणजेलमध्ये लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकलेलं असतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडला की तिथल्या साखळ्या आडव्या होतात आणि तशाच राहतात, आणि त्यांच्यातल्या पाण्याचे भोवरे वेगळ्या गतीनं सावरू लागतात. थोडक्यात, वर्षभरात छातीवर कुठून, किती आणि कसा दाब आला याचा ठसा जेलमध्ये उमटतो, आणि एमआरआय तो वाचतो. पिशवी कुठं विरते आहे, तिच्याभोवती शरीरानं विणलेलं आवरण कुठं आवळत चाललं आहे, हे वेळेवर कळतं. कितीतरी बायकांची दुसरी शस्त्रक्रिया त्यामुळं टळली. हेतू चांगलाच होता.

घोळ झाला तो भाषेत. रुग्णाला मराठीतून अहवाल द्यायचा असं त्या वर्षी ठरलं आणि त्यासाठी समिती बसली. झोपेतला दाब, पट्ट्याचा दाब, पडल्याचा दाब, हे सगळं सुरळीत पार पडलं. राहिला तो समोरून येणारा, माणसाच्या अंगाएवढा उबदार, काही काळ टिकणारा दाब. एका सदस्यानं त्याला ‘दीर्घ सन्मुख संपर्क’ म्हणावं असं सुचवलं. दुसऱ्यानं हरकत घेतली, की सामान्य बाईला हे कळणार नाही. ‘मिठी’ हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसत नाही यावर सर्वांचं एकमत झालं. मग चहा आला, आणि चहाबरोबर ‘आलिंगन’ मंजूर झालं. त्यापुढं वारंवारतेसाठी तीन शब्द नेमले: क्वचित, अधूनमधून आणि नित्य; काहीच नसेल तर नुसतं ‘नाही’. समितीतली मंडळी समाधानानं घरी गेली.

डॉक्टर शाकिरा मुजावर या रोगचित्रण विभागाच्या प्रमुख. बोलायला मोकळ्या आणि कायम घाईत. पिशवी उत्तम आहे, कर्करोगाचं चिन्ह कुठंही नाही, फक्त वर आतल्या बाजूला आवरण थोडं आवळतंय, त्याचं कारण शोधायला हवं, एवढं त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या रुग्णासाठी हाक आली म्हणून त्या उठल्या. अहवालाचं मराठी पान त्यांनी टेबलावरून पुढं सरकवलं. ते केतकीच्या नवऱ्यानं उचललं. इस्पितळात असाच रिवाज आहे. बाईचा कागद बाईबरोबर आलेला पुरुष उचलतो.

कौस्तुभ सावर्डेकर साखर कारखान्यांसाठी हिशेबाच्या संगणकप्रणाली लिहायचा. यंत्र खोटं बोलत नाही, खोटं आत भरणारा माणूस असतो, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. त्यानं पान वाचलं, मग एका ओळीवर थांबला. केतकीनं वाकून पाहिलं. तिथं लिहिलं होतं: आलिंगन : नित्य.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कौस्तुभ वाईट नवरा नव्हता. आजारपणात त्यानं बायकोला फार जपलं. रात्ररात्र जागला, औषधांच्या वेळा सांभाळल्या. पण शस्त्रक्रियेनंतर त्याला भीती बसली, की आपला हात लागला तर काहीतरी फाटेल, दुखेल, बिघडेल. भीतीची सवय झाली आणि सवयीचं अंतर झालं. त्यानं तिला शेवटचं जवळ कधी घेतलं हे दोघांनाही आठवत नव्हतं, आणि त्याविषयी दोघांपैकी कुणी कधी बोललं नव्हतं. त्यामुळं त्या दोन शब्दांचा अर्थ एकच उरत होता.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती, म्हणून दोघांच्याही हातांना काही काम नव्हतं. खिडक्या बंद, समोरासमोर आसनं. सांगलीच्या दिशेनं वळल्यावर कौस्तुभ म्हणाला, “कोण आहे?”

“कोण म्हणजे?”

“नित्य म्हणजे रोज, केतकी.”

तिनं खरं तेच सांगितलं. “मला काय माहीत? मला तिथं कळतच नाही.”

याहून वाईट उत्तर तिला शोधूनही सापडलं नसतं. कौस्तुभनं मान फिरवली आणि घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

हे एकट्या केतकीच्या वाट्याला आलं होतं असं नाही. त्या वर्षी असे अहवाल घराघरांत फिरत होते. एका घटस्फोटाच्या दाव्यात वकिलानं असलं पान न्यायाधीशांपुढं ठेवलं होतं. कुठं ‘क्वचित’ वाचून सासू खूश झाली, तर कुठं ‘अधूनमधून’वरून भाऊबंदकी पेटली. लेकराला कडेवर घेणाऱ्या बायकासुद्धा खुलासे देत बसल्या. मग काहीजणींनी तपासणीलाच यायचं सोडलं, आणि पिशवी फाटल्याचं उशिरा कळून त्या पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या. डॉक्टर मुजावर त्यामुळं संतापलेल्या असायच्या. पण कागदावर छापलेला शब्द एकदा घरात शिरला की त्याला बाहेर कोण काढणार?

कौस्तुभनं तमाशा केला नाही. केला असता तर केतकीला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यानं फक्त कार्यालयात जाणं बंद केलं आणि बाहेरच्या खोलीत, दारासमोर, खुर्ची-टेबल मांडून तिथूनच काम सुरू केलं. कोण येतं, कोण जातं, किती वेळ थांबतं, हे त्याला तिथून दिसायचं. दूधवाल्याकडंही तो टक लावून बघायचा. अण्णांना व्यायाम द्यायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायचा, त्याला त्यानं गोड शब्दांत नको म्हणून सांगितलं. अण्णांना आता व्यायामाची गरज नाही, केतकी बघून घेते, असं म्हणाला. पुण्यात शिकणाऱ्या मुलीचा फोन आला की तो हसून बोलायचा. केतकीला ‘थँक यू’ म्हणायचा, ‘सॉरी’ म्हणायचा, परक्या घरी पाहुणा आल्यासारखा वागायचा.

घर तेच, पण केतकीला त्याच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटू लागल्या. भाजीला निघाली तरी तिची नजर त्या खुर्चीकडं जायची. परत यायला थोडा उशीर झाला की ती न विचारताच कारण सांगायची, आणि सांगून झाल्यावर स्वतःवर चिडायची. आडवी झाली की वाटायचं, आपण पुन्हा त्या बोगद्यात आहोत, आणि या खेपेला मुठीत दाबायला रबरी फुगासुद्धा नाही.

सगळ्यात भयंकर हे, की ती स्वतःवरच संशय घेऊ लागली. जेल तर खोटं बोलत नाही. आपल्याला तिथं काही कळत नाही. मग गर्दीत कुणी? बसमध्ये? झोपेत? तिनं आठवून आठवून डोकं शिणवलं. ज्या ज्या पुरुषाशी ती वर्षभरात बोलली होती त्याचा चेहरा तिनं डोळ्यांपुढं आणला. त्या शब्दानं तिचं डोकं एकाच दिशेला वळवून ठेवलं होतं. आलिंगन म्हणजे काहीतरी लपवायचं, काहीतरी चोरटं, असंच तिलाही वाटत होतं.

आणि दररोज सकाळ-संध्याकाळ ती मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेत होती. कारण अण्णांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं, पुन्हा पलंगावर न्यायचं, तर धोतर सुटायचं, अंग उघडं पडायचं. मुलानं आपल्याला तसं बघू नये यासाठी अण्णा चांगला हात दाराकडं करून ‘लाव, लाव’ अशी खूण करायचे. मग ती वाकायची, त्यांच्या काखेखालून हात घालून त्यांना कवेत धरायची, गुडघ्याला गुडघा टेकवायची आणि उठवायची. क्षणभर दम खायची, मग वळवून खुर्चीत बसवायची. फिजिओथेरपिस्टनंच तिला ही रीत शिकवली होती. पण ते काम होतं. भांडी घासताना आपण भांड्यांना कुरवाळतो असं कुणाच्या मनात येतं का? केतकीच्याही आलं नाही.

शेवटी, अण्णांची औषधं आणायच्या निमित्तानं, ती एकटीच डॉक्टर मुजावरांकडं गेली.

“काय ओ केतकीताई, आज एकट्याच?” म्हणत त्यांनी तिला बसवलं. केतकीनं सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. तो दाब कशाचा आहे ते मला बघायचंय, एवढंच तिचं मागणं होतं. शब्द नको, चित्र दाखवा, ती म्हणाली.

डॉक्टरांनी मूळ चित्र पडद्यावर घेतलं. राखाडी रंगाचा एक उंचवटा हळूहळू फिरू लागला. त्याच्या वरच्या आतल्या बाजूला एक रुंद, उथळ खळगा होता. हे कपाळ असणार, डॉक्टर म्हणाल्या, हाड आहे, सपाट आहे. मग त्यांनी चित्र मोठं केलं. त्या रुंद खळग्यात एका बाजूला आणखी एक छोटा, खोल, गोल खळगा होता, बरोबर सुपारीएवढा.

केतकी पाहत राहिली. मग ती हसायला लागली, आणि हसताहसता तिनं तोंडावर पदर धरला, कारण ते हसू राहिलं नव्हतं.

“अण्णा आहेत,” ती म्हणाली. “आमचे अण्णा. हे त्यांचं आवाळू.”

डॉक्टर मुजावरांनी सुस्कारा सोडला. तुमचं आवरण आवळतंय ते यामुळंच, त्या म्हणाल्या. रोज त्याच जागी एवढा भार. हे थांबलं नाही तर वर्षाच्या आत पुन्हा फाडावं लागेल, आणि या खेपेला कातडी पुरेल की नाही सांगता येत नाही. मग त्यांनी चित्र पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

“पण एक सांगू? उठवताना टेकतं, ते क्षणाचं असतं. हे तेवढंच नाही. साखळ्या पार आडव्या झाल्यात. त्यांनी डोकं टेकवून ठेवलेलं आहे. बराच वेळ, रोजच.”

केतकीला ते दम खाणं आठवलं. तिला वाटायचं अण्णा तोल सावरताहेत. तिची हनुवटी त्यांच्या डोक्यावर असायची आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत असायची. छातीवर काय आहे ते तिला कळत नव्हतं. सासूबाई गेल्यापासून, त्यात वाचा गेल्यापासून, त्या माणसाला अंघोळ-व्यायामापलीकडं कुणी हात लावला नव्हता. त्यानं या घरात एक जागा शोधून काढली होती आणि रोज दोनदा तिथं डोकं टेकवलं होतं. त्यातलं केतकीपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. तिला अण्णांची फार माया आली आणि स्वतःची कीव आली.

मी तुमच्या मिस्टरांना बोलावून हे दाखवते, डॉक्टर म्हणाल्या. आणि त्या समितीलाही कळवते, की असला चुकीचा शब्द छापत जाऊ नका.

“शब्द बरोबर आहे, डॉक्टर,” केतकी म्हणाली. “आणि त्यांना बोलवू नका.”

का नको, हे तिला नीट सांगता आलं नसतं. चित्र पाहून कौस्तुभ सुटकेचा श्वास टाकेल, कदाचित पायही धरेल. पण एका यंत्रानं गुन्हेगार ठरवलं आणि दुसऱ्यांदा त्याच यंत्रानं सोडून दिलं, एवढ्यावर तिला घरी जायचं नव्हतं.

संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत कौस्तुभच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“आजपासून अण्णांना तू उठवायचंस. मला डॉक्टरांनी मना केलंय.”

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. आपण एखादा माणूस ठेवू, तो म्हणाला. मग आपण काय बोललो हे त्याच्याच ध्यानात आलं असावं. घरात पुरुष आणून ठेवायचा विचार त्याचा त्यालाच नकोसा झाला. तो उठला.

मागच्या खोलीत अण्णांनी मुलाला पाहिलं आणि चांगला हात दाराकडं केला. केतकीनं त्यांच्या पायांवर चादर नीट केली आणि ती बाजूला झाली. कौस्तुभनं आधी बापाला दंडाला धरून ओढून पाहिलं, मग पाठीमागून उचलायचा प्रयत्न केला. अण्णा कण्हले. तसं नाही, केतकीनं सांगितलं. समोर उभा राहा, वाक, काखेखालून हात घाल, कवेत घे. तो अवघडला. असं आपण याआधी कधी केलंय का, हे तो आठवत असावा. मग तो वाकला, त्यानं बापाला कवेत धरलं आणि उठवलं.

अण्णांचं डोकं त्याच्या छातीवर टेकलं. खुर्ची शेजारीच होती, फक्त वळायचं होतं. पण डोकं उठेना. कौस्तुभ तसाच उभा राहिला, त्याचे दोन्ही हात गुंतलेले, पाय रोवलेले. सदऱ्यातून ते सुपारीएवढं आवाळू त्याला टोचत असणार. थोड्या वेळानं सदरा ओला झालेलाही दिसला. त्यानं मान वळवून केतकीकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून तिला कळलं की आता काही दाखवायची गरज नाही.

“हे असं,” तो म्हणाला, “रोज?”

“रोज.”

“किती वेळ?”

“मला काय माहीत?” केतकी म्हणाली. “मला तिथं कळतच नाही.”

ती खोलीबाहेर आली. अण्णांना आवडतं म्हणून तिनं दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन त्या पहाऱ्याच्या खुर्चीत बसली.

दुसऱ्या दिवसापासून कौस्तुभ पुन्हा कार्यालयात जाऊ लागला. खुर्ची-टेबल आत गेलं. त्यानं माफी मागितली, तीही एकदा नव्हे. अण्णांना उठवायचं काम त्यानं कुणावर टाकलं नाही; सकाळी जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर तो मागच्या खोलीत जायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. बापलेकांत इतकी वर्षं नसलेलं काहीतरी तिथं चालू होतं. केतकीला त्याचा आनंद होता. आणि तिला जपायला त्याला आता आणखी एक कारण मिळालं होतं. जड पिशवी तिच्या हातात दिसली तरी तो धावत यायचा आणि पिशवी काढून घ्यायचा, फक्त पिशवी.

वर्ष फिरून आलं. केतकी हळकुंड बांधून बोगद्यात शिरली, पालथी पडली, यंत्र ठोठावलं, भुंकलं, घरघरलं. बाहेर आल्यावर डॉक्टर मुजावर खुशीत होत्या. आवरण सैल झालं होतं, पिशवी निर्दोष होती, शस्त्रक्रियेची वेळ आता टळली होती. त्यांनी मराठी पान पुढं सरकवलं. कौस्तुभनं ते उचललं नाही. ते केतकीनं उचललं आणि वाचलं, मग त्याच्यापुढं धरलं.

आलिंगन : नाही.

“एकदम स्वच्छ अहवाल,” डॉक्टर म्हणाल्या.

कौस्तुभ त्या ओळीकडं पाहत राहिला. मागच्या वर्षी पाहिलं होतं त्याहूनही जास्त वेळ. गाडीत दोघं समोरासमोर बसले. या खेपेला त्याच्याकडं विचारायला काही नव्हतं. एकदा त्यानं हात पुढं केला आणि तो तिच्या खांद्याजवळ येऊन थांबला. केतकी वाट पाहत होती. त्यानं तिच्या सीटचा पट्टा नीट केला आणि हात मागं घेतला.

घरी पोचले तेव्हा अण्णांची उठायची वेळ झाली होती. कौस्तुभ चपला काढून लगबगीनं आत गेला आणि मागच्या खोलीचं दार त्यानं लावून घेतलं. केतकी बाहेरच्या खोलीत उभी राहिली. मंगळसूत्र पर्समध्येच होतं. गळ्यात हळकुंडाचा दोरा तसाच होता, आणि तो सोडायची तिला घाई नव्हती.